निदर्शक आणि आयुष्य : हृदयरोगावरील औषधांच्या चाचण्यांचा एक विचार

प्रास्ताविक

रक्तदाबाचा आकडा १५० वरून १३० वर आला, कोलेस्टेरॉल २४० वरून १८० झाले, की औषध लागू पडले असे आपण म्हणतो. शिक्षक-कक्षात चहाच्या वेळी होणारी या विषयावरील चर्चा बहुधा याच आकड्यांपाशी संपते. वास्तविक रुग्ण गोळी घेतो ती हृदयविकाराचा झटका टळावा, पक्षाघात होऊ नये आणि अकाली मृत्यू येऊ नये म्हणून. आकडा हा या अपेक्षित फलिताचा केवळ निदर्शक असतो. निदर्शक सुधारला म्हणजे फलितही सुधारलेच, हे अनुमान तर्काला धरून असले तरी ते सिद्ध झालेले असतेच असे नाही. गेल्या अर्धशतकातील हृदयरोगावरील औषधांच्या संशोधनात या अनुमानाने काही वेळा उत्तम साथ दिली, तर काही वेळा त्याची किंमत रुग्णांच्या प्राणांनी मोजावी लागली. प्रस्तुत लेखकाचा विषय संख्याशास्त्र आहे. त्यामुळे कोणी कोणते औषध घ्यावे, हे सांगण्याचा येथे हेतू नाही. औषधाचा उपयोग 'सिद्ध झाला' असे म्हणताना नेमके काय झालेले असते, एवढेच स्पष्ट करावयाचे आहे.

सर्पगंधा : मुंबई १९४९ ते अमेरिका १९६७

या विषयाचा एक आरंभबिंदू मुंबईत सापडतो. के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम प्रसिद्ध केला. ही वनस्पती भारतीय वैद्यकास पूर्वीपासून परिचित होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व रक्तदाब या दोहोंवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले होते. तथापि पाश्चात्त्य वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले गेले ते डॉ. वकिलांच्या लेखामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत या मुळीतील रेझरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

डॉ. वकिलांच्या अभ्यासात पन्नास रुग्ण होते. औषधानंतर त्यांचा रक्तदाब किती उतरला, हे त्यांनी नोंदविले. चिठ्ठ्या टाकून निवडलेला, औषध न दिलेला असा तुलनेचा गट त्यात नव्हता. याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी ब्रिटिश चाचणी यादृच्छिक पद्धतीचा आदर्श मानली जाते, ती प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. शिवाय रक्तदाब उतरविणे हिताचे आहे काय, याविषयीच त्या काळी मतभेद होते. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीराला वाढीव दाबाची आवश्यकता असते, तो कमी केल्यास मेंदू व मूत्रपिंडे उपाशी राहतील, असे मानणारे नामांकित वैद्यही होते. उच्च रक्तदाबाच्या इंग्रजी नावाला जोडलेले 'आवश्यक' या अर्थाचे विशेषण याच समजुतीचा अवशेष म्हणून सांगितले जाते.

या प्रश्नाचे उत्तर १९६७ मध्ये मिळाले. डॉ. एडवर्ड फ्रिस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक चाचणी घेण्यात आली. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रालॅझिन व रेझरपिन ही तीन औषधे देण्यात आली, दुसऱ्याला हुबेहूब तशाच दिसणाऱ्या परंतु औषधरहित, म्हणजे छद्म गोळ्या. छद्म गटात २७ जणांना गंभीर उपद्रव झाले व चौघे दगावले. औषध गटात गंभीर उपद्रव दोघांना झाले आणि मृत्यू एकही नाही. मुंबईतील अभ्यासाने आकडा उतरतो हे दाखविले होते. तो उतरविल्याने माणसे वाचतात, हे दाखविण्यास आणखी अठरा वर्षे लागली. या दोन पायऱ्यांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

(जाता जाता : याच सर्पगंधेतून १९३१ मध्ये दिल्लीत वेगळ्या करण्यात आलेल्या आणि हकीम अजमल खान यांचे नाव दिलेल्या अजमलिन या द्रव्याचा हृदयाच्या तालावर परिणाम होतो. तालाच्या एका आनुवंशिक विकाराच्या निदानासाठी ते आजही वापरले जाते.)

चिठ्ठ्या कशासाठी?

डॉक्टर ज्याला औषध देतात तो रुग्ण आणि ज्याला देत नाहीत तो रुग्ण यांच्यात आधीपासूनच फरक असतो. एक अधिक आजारी असेल, दुसरा परवडत नाही म्हणून औषध घेत नसेल. पुढे दोघांच्या स्थितीत दिसणारा फरक औषधामुळे की या मूळ भेदामुळे, हे सांगता येत नाही. यादृच्छिक वाटणीने ज्ञात व अज्ञात असे सर्व भेद दोन्ही गटांत सारखेच विखुरले जातात, निदान रुग्णसंख्या मोठी असेल तेव्हा. कोणाला काय मिळाले हे रुग्णास व डॉक्टरास ठाऊक नसल्याने अपेक्षेचा परिणामही टळतो.

रुग्णसंख्या किती मोठी हवी, याची कल्पना १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या चाचणीवरून येते. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण तीत होते, १६ देशांतील ४१७ रुग्णालयांतून आलेले. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन यांपैकी काहीही न मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने १३.२ टक्के मृत्यू झाले. दोन्ही मिळालेल्यांत हे प्रमाण ८.० टक्के होते, म्हणजे शंभरामागे सुमारे पाच जीव वाचले. एका डॉक्टरच्या एका वर्षाच्या अनुभवात हा फरक डोळ्यांना दिसणे अशक्य आहे.

या चाचणीतील एक गंमत आमच्या वर्गात नेहमी उपयोगी पडते. रुग्णांचे उपगट पाडून निष्कर्ष द्यावेत, असा संशोधकांकडे आग्रह झाला. तेव्हा त्यांनी जन्मराशीनुसार गट पाडून दाखविले. मिथुन व तूळ राशींच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा किंचित तोटाच होतो आणि उरलेल्या दहा राशींना भरघोस लाभ, असे त्यातून निघाले. (ही पाश्चात्त्य सूर्यरास होती. आपल्या चंद्रराशीवरून कोणते उत्तर आले असते, कोण जाणे.) पुरेसे तुकडे केले की कोणत्याही सामग्रीतून नवल निघते, हेच त्यांना दाखवावयाचे होते.

याच अ‍ॅस्पिरिनविषयी एक पुस्ती जोडणे अगत्याचे वाटते, कारण 'हृदयासाठी चांगली' म्हणून ती स्वतःच्या मनाने रोज घेणारे अनेकजण आपल्या परिचयाचे असतात. झटका येत असताना तिचा लाभ निर्विवाद आहे. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅस्प्री' चाचणीत, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांना तिच्यामुळे अधिक काळ धडधाकट आयुष्य लाभले नाही. गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण मात्र वाढले. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नास लावता येत नाही.

शिस्तीत आणलेले ठोके

निदर्शक व फलित यांच्यातील दरी सर्वांत कठोरपणे उघड झाली ती अमेरिकेतील 'कास्ट' या चाचणीत. पार्श्वभूमी अशी : झटक्यातून वाचलेल्या रुग्णांच्या हृदयात पुष्कळदा मध्येच अवेळी ठोके पडतात. ज्यांच्यात ते अधिक, त्यांच्यात आकस्मिक मृत्यूचे प्रमाणही अधिक, असे निरीक्षण होते. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे हे अवेळी ठोके जवळजवळ नाहीसे करीत असत. चोवीस तासांच्या हृदयालेखात हा परिणाम स्वच्छ दिसे. ठोके मृत्यूचे पूर्वचिन्ह आहेत, औषध ठोके थांबविते, म्हणून औषध मृत्यू थांबविते, ही साखळी इतकी सरळ होती की अशा रुग्णांना छद्म गोळी देणे अनैतिक ठरेल, असाही आक्षेप चाचणीवर घेण्यात आला.

चाचणीला अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेचे अर्थसाहाय्य होते आणि १९८७ मध्ये रुग्ण घेण्यास आरंभ झाला. औषधाने ज्यांचे अवेळी ठोके खरोखरच दबतात हे आधी तपासून पाहिले होते, असेच रुग्ण पुढील वाटणीसाठी घेण्यात आले. म्हणजे औषध ज्यांना 'लागू पडते' अशांचीच ही निवड होती. अपाय होऊ शकेल ही शक्यता मूळ आराखड्यात फारशी गंभीरपणे धरलेली नव्हती. संख्याशास्त्रीय परीक्षा लाभाच्या बाजूनेच, एकबाजू, करावयाची असे ठरले होते. देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीने अपायाच्या बाजूनेही इशाऱ्याची रेषा आखावयास लावली. परीक्षा एकबाजू की दुबाजू, हा प्रश्न आमचे विद्यार्थी दोन गुणांचा समजून सोडून देतात.

एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांचा भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांच्या काळात औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते आणि छद्म गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. टक्केवारीत ८.३ व ३.५. मोरिसिझिन हे तिसरे औषध घेऊन चाचणी पुढे चालू राहिली. त्यातही पहिल्या चौदा दिवसांतच औषध गटात १७ जणांचा मृत्यू झाला किंवा हृदय बंद पडले, छद्म गटात ३ जणांचे. १९९१ मध्ये तीही थांबली.

असे का व्हावे? ही औषधे हृदयस्नायूतील सोडियमच्या मार्गांना अटकाव करून विद्युत्‌संदेशाचा वेग कमी करतात. निरोगी स्नायूत त्याने फारसे बिघडत नाही. परंतु झटक्यामुळे व्रण पडलेल्या किंवा रक्तपुरवठा तोकडा असलेल्या भागात मंदावलेली लहर वळसा घालून पुन्हा त्याच जागी येऊ शकते आणि तेथे भोवऱ्यासारखी फिरत राहते. किरकोळ अवेळी ठोके दबले, प्राणघातक विस्कळीतपणाला मात्र वाट मिळाली. म्हणूनच फ्लेकेनाइड आजही वापरात आहे, पण रचनेने निरोगी असलेल्या हृदयातील काही तालविकारांसाठी. एन्केनाइड १९९१ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले.

या प्रसंगात अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. चाचणीपूर्वी ही औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना काही खटकले नाही, आणि खटकण्याचे कारणही नव्हते. शंभरातील नव्वदाहून अधिक रुग्ण पुढच्या खेपेस चालत येत, हृदयालेख सुधारलेला दिसे, रुग्ण आभार मानी. जे येत नसत, त्यांचे हृदय आधीच दुबळे होते, असे स्पष्टीकरण तयारच असे. छद्म गटाशिवाय हे मृत्यू औषधाच्या खात्यावर कधीच मांडले गेले नसते. ज्या गोळ्यांना अनैतिक म्हटले गेले, त्या घेणारे अधिक संख्येने वाचले.

ढकलणे आणि आवरणे

हृदयाची पंपक्षमता कमी होते तेव्हा त्याला जोर देणारे औषध हितकर आणि त्याचा वेग आवरणारे औषध घातक, असे सामान्य बुद्धीला वाटते. वैद्यकाची पाठ्यपुस्तकेही बराच काळ हेच सांगत होती. मिलरिनोन हे जोर देणारे औषध. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,०८८ रुग्णांवरील चाचणीत ते गोळीच्या रूपाने घेणाऱ्यांपैकी ३० टक्के दगावले, छद्म गटात २४ टक्के. याउलट बीटारोधक औषधे हृदयाचा वेग व जोर दोन्ही आवरतात. १९७५ पासून स्वीडनमधील काही डॉक्टर ती अगदी थोड्या मात्रेत अशा रुग्णांना देऊन पाहत होते, तेव्हा इतरांनी त्याकडे संशयानेच पाहिले. १९९९ मध्ये बिसोप्रोलोलच्या २,६४७ रुग्णांवरील 'सिबिस-२' चाचणीत मृत्यूचे प्रमाण १७.३ वरून ११.८ टक्क्यांवर आले. थकलेल्या बैलाला पराणी टोचण्यापेक्षा विसावा देणे बरे, असे आता मागे वळून म्हणता येते. पण १९७५ मध्ये ही उपमा कोणास सुचली असती, तरी तिच्या उलट बाजूची उपमाही तितकीच पटली असती.

रक्तातील चरबीच्या बाबतीतही हाच अनुभव आला. टॉर्सेट्रापिब या औषधाने 'चांगले' कोलेस्टेरॉल ७२ टक्क्यांनी वाढविले व 'वाईट' सुमारे २५ टक्क्यांनी घटविले. आकड्यांच्या दृष्टीने याहून सुंदर औषध नव्हते. १५,०६७ रुग्णांवरील चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबविण्यात आली तेव्हा औषध गटात ९३ आणि तुलनेच्या गटात ५९ मृत्यू झालेले होते. औषधाने रक्तदाबही वाढविला होता.

फडताळातील चाचणी

'कास्ट'पूर्वी कोणालाच धोक्याची सूचना मिळाली नव्हती काय? मिळाली होती. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये लोर्केनाइड या त्याच जातकुळीच्या औषधाची शंभराहून कमी रुग्णांवर चाचणी झाली होती. तीत औषध गटात नऊ आणि छद्म गटात एक मृत्यू झाला. संशोधकांना हा योगायोग वाटला. औषधाचा विकासही व्यापारी कारणांनी पुढे गेला नाही आणि निष्कर्ष अप्रकाशित राहिले. ते १९९३ मध्ये त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले आणि वेळीच छापले असते तर पूर्वसूचना ठरली असती, अशी प्रांजळ कबुलीही दिली. नकारात्मक निष्कर्ष छापण्यात कोणास रस नसतो, हे आपणा अध्यापकांना, मग विषय कोणताही असो, समजावून सांगण्याची गरज नाही.

यावरील एक उपाय म्हणून चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची जाहीर नोंद करण्याची प्रथा पडली. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी-नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची करण्यात आली. ही नोंदवही संगणकावर कोणासही विनामूल्य पाहता येते. नोंद झाली म्हणजे निष्कर्ष प्रसिद्ध होतातच असे नाही. परंतु चाचणी झालीच नव्हती, असे मात्र आता म्हणता येत नाही. प्रत्येक नोंदीत 'प्रमुख फलित' असा एक रकाना असतो. संशोधकांनी काय मोजण्याचे ठरविले आहे, ते तेथे आधीच लिहावे लागते : बारा आठवड्यांनंतरचा रक्तदाब, की तीन वर्षांतील झटके, पक्षाघात आणि मृत्यू. नव्या औषधाची बातमी वर्तमानपत्रात वाचल्यावर प्रथम तो रकाना उघडून पाहावा.