आधी फिल्टर, मग काच

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. हॉलमध्ये मोठी टाकी करायचं ठरलं की बऱ्याच घरांत हेच माप निघतं. मग काचवाल्याकडे ऑर्डर जाते, सुतार स्टँड करून देतो, मासे कोणते यावर घरात आठवडाभर चर्चा रंगते. टाकी भरायच्या आदल्या दिवशी कुणीतरी दुकानातून ‘सहा फुटी टाकीला चालेल’ असा फिल्टर घेऊन येतं. हा क्रमच उलटा आहे. पाणी खालच्या फिल्टरकडे उतरवायची भोकं काचेला जोडणीआधी पाडून घेणं सोपं, भरल्या टाकीला ते अशक्यच. आणि टफन्ड काच निवडली असेल तर तिला भोक पाडताच येत नाही, ड्रिल लागलं की तिचा चुरा होतो.

मोठ्या टाकीचं मर्म विल्यम आल्फर्ड लॉइड या ब्रिटिश माणसानं दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयात त्यानं दर्शनी टाक्यांच्या कितीतरी पट मोठा अंधारा हौद बांधला आणि पंपानं पाणी सतत फिरतं ठेवलं. तिथलं पाणी समुद्राचं होतं, पण गोड्या पाण्यालाही तत्त्व तेच. आपण स्टँडखाली ठेवतो तो संप म्हणजे त्या हौदाचाच लहान अवतार.

त्या संपाचा आकार माशांच्या संख्येवरून ठरवू नका, खाद्यावरून ठरवा. दहा निऑन टेट्रा आणि दहा ऑस्कर यांची बरोबरी कशी होणार? समजा, रोज १० ग्रॅम गोळ्या पडतात. मत्स्यपालनात ढोबळ हिशेब असा की खाद्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्के अमोनिया तयार होतो. म्हणजे रोज ०.३ ग्रॅम. टाकी आणि संप मिळून ७५० लिटर पाणी धरलं, तर लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम. आकडा किरकोळ वाटतो, पण खरा प्रश्न पीएचचा. पीएच ७ असताना या अमोनियातला जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच भाग पाच-सहा टक्क्यांवर जातो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर टाकी चालवणाऱ्यांनी हे विसरू नये. फिल्टर एक दिवस बंद पडला तरी तिथे माशांचे कल्ले धोक्यात येतात.

हा अमोनिया पचवतात ते फिल्टरमधले सूक्ष्मजीव. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. हे दोन टप्पे दोन वेगळ्या गटांचे, असंच शंभराहून अधिक वर्षं मानलं जात होतं. २०१५ साली दोन्ही टप्पे एकट्यानं पार पाडणारे नायट्रोस्पायरा जिवाणू सापडले, आणि त्यांतले काही चक्क मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये नांदत होते! फिल्टरमधल्या सगळ्याच जिवाणूंना राहायला पृष्ठभाग लागतो, म्हणून महागड्या सिरॅमिक रिंगांवर सगळा खर्च होतो. माझं मत वेगळं आहे. आपल्या ०.३ ग्रॅमसाठी एक-दोन चौरस मीटर जागा पुरते, आणि पाण्यात घुसळत राहणारी प्लॅस्टिकची के-वन चकती दहा लिटर घेतली तरी पाचेक चौरस मीटर मिळतात. जिवाणूंना कमी पडतो तो ऑक्सिजन. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ते साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन घेतात, आणि ३० अंशांच्या पाण्यात संपृक्त असला तरी तो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच असतो. एप्रिल-मे महिन्यांत मासे आणि फिल्टर एकाच ऑक्सिजनवर तुटून पडतात.

म्हणून घाण आधी अडवा आणि बाहेर काढा. कॅनिस्टरच्या, म्हणजे बंद डब्याच्या फिल्टरच्या, स्पंजात अडकलेली विष्ठा डोळ्यांआड झाली तरी पाण्यातच असते, तिथेच कुजते, ऑक्सिजन खाते आणि पुन्हा अमोनिया सोडते. जो फिल्टर उघडायला अर्धा तास लागतो तो महिनोन्‌महिने उघडला जात नाही. संपाच्या पहिल्या कप्प्यातला कापूस दोन मिनिटांत बदलता येतो, आणि माझ्या लेखी संपाचा सगळ्यात मोठा गुण हाच. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना जिवंत ठेवत नाही.

आता वीज. आपल्याकडे ती जातेच, तेव्हा आराखडा ती गेल्यावर काय होईल इथूनच सुरू करावा. बंद कॅनिस्टरमधला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि जिवाणू गुदमरतात. वीज आली की तेच नासकं पाणी टाकीत येतं. संप उघडा असल्यानं हा धोका कमी, पण त्याचं दुखणं निराळं. पंप थांबला की परतीच्या नळीतून उलटा सायफन लागतो. सहा बाय दोनच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर. नोझल चार इंच बुडालेलं असेल तर ११० लिटरहून जास्त पाणी खाली येतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच संपात मावतं २५५ लिटर. त्यात १५० आधीच असेल तर उरलेलं पाणी फरशीवर, आणि तिथेच प्लगबोर्ड. उपाय सोपा आहे. नोझल पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा आणि पाण्याच्या रेषेलगत नळीला सायफन तोडणारं छोटं भोक पाडा. ते शेवाळानं बुजतं, कापूस बदलताना त्यात काडी फिरवा. खाली उतरणाऱ्या नळ्या दोन हव्यात. एक बॉल व्हॉल्व्हची, रोजची. दुसरी मोकळी, पहिलीत गोगलगाय किंवा पान अडकलं तर.

पंप घेताना खोक्यावरचा आकडा पाहू नका, आलेख पाहा. तो आकडा शून्य उंचीचा असतो, आपल्याला दीड मीटर चढवायचंय. तासाला ३००० लिटर पाणी खरोखर टाकीत पडलं पाहिजे. पंप दिवसरात्र चालतो, म्हणून वॅट महत्त्वाचे. ८५ वॅटचा पंप वर्षाला सुमारे ७४५ युनिट खातो, ४० वॅटचा ३५०. कमी वॅटच्या पंपाची जास्तीची किंमत वीजबिलातून वसूल होते. आता वजन. टाकी, पाणी, दगड, स्टँड मिळून ते टनाच्या घरात जातं, तेव्हा फ्लॅटमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय जागा पक्की करू नका.

नायट्रेट मात्र असा फिल्टर काढत नाही. रोजच्या १० ग्रॅम खाद्यामागे ते आठवड्याला लिटरमागे बाराएक मिलिग्रॅम चढतं. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदललं तर पातळी चाळिशीवर स्थिरावते, ५० टक्के बदललं तर पंचविशीत. म्हणजे आठवड्याला सव्वादोनशे ते पावणेचारशे लिटर. टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीत हे परवडणारं नाही, आणि ते आत्ताच मान्य केलेलं बरं. तिथे मासे कमी ठेवा, खाद्य कमी टाका, संपात मनी प्लँटच्या मुळ्या सोडा, आणि काढलेलं पाणी झाडांना घाला. संपापासून बाल्कनीपर्यंत निचऱ्याची नळी आत्ताच टाकून घेतली तर बादल्या वाहाव्या लागत नाहीत.

मासे आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे रिकामी चालवावी, थोडा अमोनिया घालून. त्या दिवसांतच मेन स्विच बंद करून पाहावा, संपातलं पाणी जिथे थांबेल तिथे मार्करनं रेघ ओढावी, रोजची नळी मुद्दाम बंद करून दुसरी पुरते का तपासावं, वीज आल्यावर पंप आपोआप सुरू होतो की नाही तेही बघावं. दुसरी नळी कमी पडली तर पंपाचा वेग कमी करायचा किंवा मोठी नळी घालायची. पाण्यात मासे नसताना हे काम एका दुपारचं आहे.