एचआयव्ही आणि दवाखान्याचा खर्च: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: एचआयव्हीची लागण म्हणजे आयुष्यभर दवाखान्याच्या वाऱ्या, लाखोंची बिले आणि शेवटी जमीन विकण्याची पाळी.

वस्तुस्थिती: कागल पंचतारांकित एमआयडीसीसारख्या वसाहतीत, जिथे फाउंड्री आणि कापडउद्योगात पाळ्यांमध्ये काम करणारा कामगार पगारावर घर चालवतो, तिथे हा समज सर्वांत घातक ठरतो, कारण खर्चाच्या धास्तीने तपासणीच टाळली जाते आणि टाळलेली तपासणीच पुढे मोठ्या खर्चाचे कारण बनते. या आजारात रुग्णालयात दाखल होण्याची वेळ प्रामुख्याने उपचार न घेतल्याने येते. रोगप्रतिकारशक्ती दर्शवणाऱ्या सीडी-४ पेशी रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये २०० च्या खाली गेल्या, की क्षयरोग किंवा बुरशीजन्य मेंदूज्वर यांसारखे संधिसाधू आजार, म्हणजे दुबळ्या शरीराची संधी साधून डोके वर काढणारे आजार, जडण्याचा धोका खूप वाढतो. अशा मेंदूज्वरात शिरेवाटे औषधे देत रुग्णाला दिवसेंदिवस दाखल ठेवावे लागते. याउलट विषाणूला रोखणारी एआरटी ही उपचारपद्धती भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत मोफत मिळते, २०१७ पासून सीडी-४ कितीही असले तरी निदान होताच ती सुरू केली जाते, आणि आज बहुतेक प्रौढ रुग्णांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातही एआरटी केंद्र आहे. एवढे सगळे उपलब्ध असताना केवळ ऐकीव भीतीपोटी माणसे उपचारांपासून दूर राहावीत, हे अक्षम्य आहे.

औषधांमुळे एकूण खर्च वाढतो, ही शंकाही टिकत नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासानुसार, एकत्रित औषधोपचार रुळू लागल्यावर प्रतिरुग्ण सरासरी मासिक खर्च १,७९२ डॉलरवरून १,३५९ डॉलरवर आला, कारण औषधांचा खर्च जितका वाढला त्याहून रुग्णालयाचा खर्च अधिक घटला. रुग्णाच्या खिशाला खरी झळ बसते ती प्रवासाची आणि बुडालेल्या रोजाची. म्हणूनच प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एकाहून अधिक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय महत्त्वाची आहे.

आणखी काही गैरसमज आणि त्यांची उत्तरे:

‘कंपनी नोकरीपूर्वी एचआयव्ही तपासणी मागू शकते’: २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, यास मनाई केली आहे.

‘बाधित रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी जादा पैसे आकारणे रास्तच’: हातमोजे, निर्जंतुकीकरण आदी खबरदारी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच असते आणि आरोग्यसेवेतील भेदभाव याच कायद्याने निषिद्ध आहे.

‘आरोग्य विमा मिळतच नाही’: विमा नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपन्यांना बाधितांसाठी विमा योजना देणे बंधनकारक केले.

‘गाव बदलले की उपचार तुटतात’: एआरटी केंद्राकडून रीतसर बदली घेऊन देशातील दुसऱ्या केंद्रात त्याच गोळ्या मोफत सुरू ठेवता येतात, मात्र गावी जाण्यापूर्वी ही बदली घ्यायला हवी, कारण मध्येच खंड पडला तर विषाणू औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.