बगळ्याच्या पोटांतील पाहुणा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलींत बगळे दिवसभर मासे टिपीत असतात. त्यांच्या चोंचीच्या चपळाईचें कौतुक सर्वांनाच वाटतें. पण ही शिकार सोपी करून ठेवणारा एक चपटा कृमि त्यांच्याच पोटांत राहतो. १९५० सालीं वॉल्टर मार्टिन यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करून त्यास ‘युहॅप्लॉर्किस कॅलिफोर्निएन्सिस’ असें नांव दिलें.

नवी जाति ठरविणें म्हणजे केवळ बारशाची हौस नव्हे. एवढासा कृमि रंगवून कांचेवर बसवावयाचा. त्याचीं चूषकें, अंडाशय, अंडीं हीं सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावयाचीं, त्यांचें चित्र काढावयाचें, आणि पूर्वीं वर्णिलेल्या जातींशीं सर्व ताडून पाहावयाचें. त्यांतही एक पेंच आहे. अशा कृमींच्या बालरूपांत व प्रौढरूपांत मायलेकरांचें साम्य नसतें. निरनिराळ्या प्राण्यांत तीं सांपडलीं, तर एकाच जातीचीं दोन नांवें पडावयाचीं! मार्टिन यांनीं वर्णनाबरोबर जीवनक्रमाचीं टिपणेंही दिलीं, हें माझ्या मतें त्यांचें मोठें काम होय.

तो जीवनक्रम असा. कृमीचीं अंडीं पक्ष्याच्या विष्ठेबरोबर चिखलांत पडतात व तेथील शंखधारी गोगलगायीच्या पोटांत जातात. ती जगते, पण वांझ होते. तिच्या अन्नावर कृमीच्याच पिढ्या पोसल्या जातात. पुढें तिच्या देहांतून बाहेर पडलेलीं सपुच्छ पिलें किलीफिश नांवाच्या बोटाएवढ्या माशास गांठतात, आणि थेट त्याच्या मेंदूवर कोश करून बसतात. एकेका मेंदूवर शेंकडों, कधीं हजारांवर!

असा मासा आजारी दिसत नाहीं. मात्र तो वारंवार पृष्ठभागाजवळ येतो, अंगास झटके देतो, कुशीवर वळून रुपेरी पोट चमकवितो. केव्हिन लाफर्टी व किमो मॉरिस यांनीं हे चाळे मोजले, तेव्हां ते निरोगी माशांच्या चौपट भरले. मग दोन्ही प्रकारचे मासे त्यांनीं पक्ष्यांना खुल्या असलेल्या कुंपणांत सोडले. बाधित मासे दहा ते तीस पट अधिक खाल्ले गेले. हें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें.

बगळ्यास आयतें भोजन मिळतें, कृमीस घर मिळतें. अशा पाहुण्यास उपद्रवी म्हणावें कीं उपकारक, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. त्याच्या जातभाईंचा पसारा तर थक्क करणारा आहे. कॅलिफोर्निया व मेक्सिको यांच्या किनाऱ्यावरील तीन खाड्यांची मोजदाद २००८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत पर्णकृमींच्या एका वर्षांतील पोहणाऱ्या पिलांचें वजन तेथील सर्व पक्ष्यांच्या वजनाहून अधिक भरलें.