योरुबा म्हणी : घाईच्या निवाड्याला लगाम

नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा समाजात वादविवादात म्हणींना मोठं वजन आहे. कुणावर घाईघाईने ठपका ठेवला जात असेल, तर त्याची बाजू घेणाऱ्याच्या हाताशी म्हण तयार असते.

⚖️ एकाच बाजूचं ऐकून निकाल देणारा वडीलधारा दुष्टच.

🦎 सगळेच सरडे पोटावर पडलेले. पोट कुणाचं दुखतंय, कसं कळणार?

पहिली म्हण न्याय करणाऱ्यालाच जाब विचारते, दुसरी आरोपीची न दिसणारी अडचण पुढे आणते.

रिवाजही छान आहे. वडीलधाऱ्यांसमोर म्हण सांगताना लहानाने आधी क्षमा मागायची. मग ‘आणखी म्हणी सांगायला आयुष्य लाभो’ असा आशीर्वाद मिळतो. चूक दाखवली जाते, तीही मान राखून!