खांद्यातला खिळा किती भार पेलतो?

नारायण पेठेतल्या जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत ज्याने खिळा ठोकून पाहिलाय, त्याला हे लवकर उमगेल. खिळा दणकट असून भागत नाही, भिंतही धरणारी लागते.

खांद्यातली कंडरा दंडाच्या हाडापासून सुटली, की सर्जन हाडात 'सूचर अँकर' बसवतात. हा जेमतेम पाच मिलिमीटर जाडीचा स्क्रू, त्यात मजबूत धागे ओवलेले. त्या धाग्यांनी कंडरा हाडाशी आवळतात. स्क्रू टायटॅनियमचा असतो, 'पीक' प्लास्टिकचा किंवा शरीरात विरघळणारा. काही अँकर तर नुसत्या धाग्याचेच.

प्रयोगशाळेत अँकर हाडात किंवा कृत्रिम फोममध्ये बसवून यंत्राने पुन्हापुन्हा ओढतात, शेवटी तुटेपर्यंत किंवा उपटेपर्यंत. गंमत म्हणजे चांगल्या हाडात बहुधा अँकर हरत नाही; धागाच कंडरा कापत बाहेर येतो. हाड ठिसूळ असेल तर मात्र अँकर उपटण्याची भीती असते. उतारवयात दंडाच्या हाडाचा, कंडरा जिथे जोडलेली असते तो उंचवटा आतून विरळ होतो, म्हणून जागेची निवड महत्त्वाची.

अँकर हाडात कोणत्या कोनात बसवावा, याबद्दलही वाद आहे. 1995 मध्ये सर्जन स्टीफन बर्खार्ट यांनी 45 अंशांचा तिरपा कोन सुचवला. आटे असलेले अँकर काटकोनातही तितकेच, कधी जास्त धरतात, असे पुढच्या काही प्रयोगांत दिसले.

मात्र अँकरची नोकरी तात्पुरती. कंडरा हाडाशी जुळायला काही महिने लागतात, तोवर त्याने धरून ठेवायचे. म्हणूनच सुरुवातीचे काही आठवडे हात झोळीत, आणि विसर्जन मिरवणुकीतला ढोल सर्जनच्या परवानगीनंतरच.