ओल धरलेले घर आणि श्वासाचा रुग्ण

वर्षा ऋतूत आपल्या चिकित्सालयांत तमकश्वास, कास व प्रतिश्याय यांचे रुग्ण वाढतात. ढगाळ हवा, पाऊस, शैत्य आणि पूर्वेकडील वारा यांनी तमकश्वास बळावतो, हे चरकाचार्यांचे निरीक्षण आपण सर्वजण जाणतो. तथापि काही रुग्णांचा त्रास शरदाचे ऊन पडल्यावरही ओसरत नाही. औषधयोजना योग्य असते, पथ्य काटेकोर असते, तरी पहाटे दम लागतोच. अशा रुग्णास मी एक प्रश्न आवर्जून विचारतो : आपली खाट कोणत्या भिंतीला लागून आहे, आणि त्या भिंतीला ओल आहे काय? पुष्कळदा उत्तर होकारार्थी येते. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र मानणाऱ्या आपल्या शास्त्रात ही भिंत चिकित्सेच्या कक्षेबाहेर कशी राहील?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा व श्वसनाच्या तक्रारी अधिक होतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मात्र अमुक इतकी बुरशी निर्धोक, अशी मर्यादा ठरविता आलेली नाही. बुरशीविषे अन्नातून गेल्यास घातक ठरतात हे निर्विवाद आहे. श्वासावाटे जाणाऱ्या विषांचा परिणाम किती, यावर अद्याप एकमत नाही. व्यवहारात या वादाने फारसे अडत नाही. ही विषे बीजाणू, बुरशीचे सूक्ष्म तुकडे व धूळ यांना चिकटून हवेत फिरतात. म्हणजे ती घालविण्याचा मार्ग बुरशी आणि धूळ घराबाहेर काढणे हाच आहे. शिवाय मेलेले बीजाणूही ॲलर्जी उत्पन्न करतात. बुरशी नुसती मारून भागत नाही, ती काढावी लागते.

येथे आपल्याच एका सवयीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. घरात कुबट वास येतो म्हटले की आपण गुग्गुळ, वेखंड, निंबपत्र यांचे धूपन सुचवितो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बालकाच्या अंथरूण-पांघरुणाविषयी जो विधी आहे, त्यातील क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. मलिन व जंतुयुक्त वस्त्रे टाकून द्यावीत. दुसरी नसतील तरच तीच चांगली धुऊन, धूपवून, शुद्ध आणि कोरडी झाल्यावर वापरावीत. म्हणजे त्याग प्रथम आणि धूपन प्रक्षालनानंतर. आपण नेमका आरंभ गाळून शेवट तेवढा उचलला आहे. बुरशी लागलेल्या खोलीत धूप केल्याने कुबट वास झाकला जातो, म्हणजे निदानाची एक खूणच नाहीशी होते. आणि धुराचे सूक्ष्म कण श्वासाच्या रुग्णाचा वेग वाढवितात ते वेगळेच.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. अशा पुरानंतर चिखल उपसला जातो, पण भिंतींनी प्यालेले पाणी दिसत नाही. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरू लागते, आणि कोकणच्या श्रावणात काय वाळणार? गळक्या गच्चीखालच्या सदनिकेत हेच लहान प्रमाणात घडते.

प्रथम पाणी कोठून येते ते शोधावे. गळती बंद न करता रंग काढणे म्हणजे ओल झाकणे होय. सफाईच्या वेळी रुग्ण, गर्भिणी, बालके व वृद्ध यांनी घराबाहेर असावे. मधुमेही, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, केमोथेरपी चालू असलेले व अवयवरोपण झालेले यांनी तर या कामास हातही लावू नये. क्षीणबल शरीरात बुरशी काय करू शकते हे म्युकरमायकोसिसने २०२१ साली आपल्या राज्यास दाखविले आहे. सफाई करणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी, हातमोजे व चष्मा घालावा. पंखा बंद ठेवावा. कोरड्या झाडूने खरवडू नये, कारण त्याने बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने भिजवून मग पोपडे काढावेत, पृष्ठभाग घासून पुसावा व पूर्ण वाळवावा. बुरशीचा डाग सुमारे १० चौरस फुटांहून मोठा असेल तर हे काम जाणकारावर सोपवावे. ब्लीचिंग पावडरीची बहुधा गरज नसते. शौचालयाच्या ॲसिडमध्ये ती कदापि मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू दम्याच्या रुग्णास प्राणघातक ठरू शकतो.

बुरशी धरलेली गादी, उशी, पुठ्ठा आणि फुगलेले प्लायवूड टाकून द्यावे. गादी पिंजून पुन्हा भरण्याची आपल्याकडील काटकसर एरवी कौतुकाची, येथे मात्र ती सारे बीजाणू मोकळे करते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे व निजण्याच्या खोलीत कपडे वाळत घालू नयेत. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांखाली असावी. आषाढ-श्रावणात खिडकी उघडून ती साधत नाही, तेव्हा निदान रुग्णाच्या एका खोलीत आर्द्रताशोषक यंत्र लावावे. वर्षाचर्येत वाग्भटांनी बाष्प, शैत्य व तुषार यांपासून मुक्त अशा वरच्या मजल्यावर राहण्यास सांगितले आहे, त्यामागील हेतू हाच असावा. घर कोरडे झाल्यावर, रुग्ण बाहेर असताना धूपन करून धूर जाऊ देण्यास प्रत्यवाय नाही. घर सुधारूनही कास व ज्वर राहिल्यास ॲस्परजिलसजन्य विकाराचा संशय धरून छातीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. रुग्णाचा इनहेलर आपण बंद करू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक गोष्ट उरते. ज्या घरातील गादीला बुरशी लागते, त्याच घराच्या फळीवर आपले चूर्ण महिनोन्‌महिने असते. पावसाळ्यात लहान, हवाबंद वेष्टने द्यावीत. दुकानातील ज्येष्ठमध, शतावरी वा अश्वगंधा यांच्या मुळ्यांची पोती जमिनीवर व भिंतीला टेकवून ठेवू नयेत. बुरशी दिसलेला माल उन्हात घालून, चाळून विकू नये. उन्हाने बुरशी दिसेनाशी होते. अफ्लाटॉक्सिन मात्र चूर्णात राहते आणि काढा उकळल्यानेही जात नाही.