सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा करणारे वकील : विठ्ठलभाई पटेल



शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करताना एका वीटभट्टीवर गेले होते. नऊ वर्षांची एक मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या आईला मी नेहमीचं सांगायला लागले. शाळा मोफत आहे, पुस्तकं मिळतात, जेवण मिळतं, आणि शिक्षण सक्तीचं आहे असा कायदाच आहे. आईने शांतपणे विचारलं, "बाई, न्हाई धाडली तर काय करतील वो?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. डीएडला कलमं पाठ केली होती, पण "सक्ती कुणावर?" हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता. घरी येऊन वाचायला बसले आणि वाचता वाचता शंभर वर्षं मागे गेले. तिथे भेटले विठ्ठलभाई पटेल.

आपल्या पाठ्यपुस्तकांत सरदार वल्लभभाई असतात. विठ्ठलभाई हे त्यांचे थोरले भाऊ. गुजरातच्या तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातल्या करमसद गावचं हे घराणं. विठ्ठलभाईंचा जन्म १८७३ चा. शिक्षण झाल्यावर त्यांनी गोध्रा आणि बोरसद इथे वकिली केली. मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट इथे आहे. वल्लभभाईंनी बॅरिस्टर होण्यासाठी पै-पै साठवली होती. प्रवासाची कागदपत्रं आली ती 'व्ही. जे. पटेल' या नावाने, आणि दोघा भावांची आद्याक्षरं एकच! थोरले म्हणाले, मी मोठा, आधी मी जातो. धाकट्याने जाऊ दिलं. १९०५ मध्ये विठ्ठलभाई इंग्लंडला गेले, १९०८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत वकिली करू लागले. वल्लभभाईंची पाळी आली ती १९१० मध्ये.

पुढे विठ्ठलभाई मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलचे सभासद झाले. वकील हा झालेल्या कायद्याचा अर्थ लावतो. कौन्सिलमध्ये गेल्यावर कायदा करायची संधी मिळते. या संधीचा त्यांनी काय उपयोग केला, हे आपण प्राथमिक शिक्षकांनी तरी माहीत करून घ्यायला हवं.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हेच पाऊल उचललं. पण ही संस्थानं होती. राजाने मनावर घेतलं की हुकूम निघत असे. ब्रिटिश मुलखात कायदा लागायचा आणि त्यासाठी कौन्सिलात मतं लागायची. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये इंपिरियल कौन्सिलात विधेयक मांडलं. तिथे सरकारी सभासदांचं बहुमत होतं. १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं.

गोखले १९१५ मध्ये गेले. त्यानंतर विठ्ठलभाईंनी तोच विषय हाती घेतला, पण जागा बदलली. सगळ्या देशासाठी कायदा मागण्याऐवजी मुंबई प्रांतापुरता मागितला आणि त्यातही फक्त नगरपालिकांपुरता. प्रांतिक कौन्सिलात बिगरसरकारी सभासद संख्येने जास्त होते, त्यामुळे तिथे वाव होता. विधेयक मंजूर झालं आणि १९१८ मध्ये कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हा पहिला कायदा. लोक त्याला 'पटेल कायदा' म्हणू लागले. पुढच्या दोनच वर्षांत पंजाब, संयुक्त प्रांत, बंगाल, मद्रास अशा प्रांतांनी आपापले कायदे केले.

पण या कायद्यात एक मोठी मेख होती. नगरपालिका सक्ती "करू शकेल" असं तो म्हणत होता. "केलीच पाहिजे" असं म्हणत नव्हता. पालिकेने ठराव करायचा, सरकारची मंजुरी घ्यायची, पैशाची सोय लावायची, मग सक्ती. खेडी तर बाहेरच राहिली. आणि जिथे सक्ती लागू होईल तिथे मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. म्हणजे शाळा काढणाऱ्याला मोकळीक आणि पालकाला बंधन!

मग हा कायदा फसवा होता का? मला तसं वाटत नाही. सहा वर्षांपूर्वी ज्या विषयाचा पराभव झाला होता, तो कायद्याच्या पुस्तकात आला. एकदा आला की पुढच्यांना तो वाढवता येतो. १९२३ च्या कायद्याने मुंबई प्रांतात जिल्हा लोकल बोर्डांच्या मार्फत ग्रामीण भागालाही या कक्षेत घेतलं. मिळेल तेवढं दार उघडून ठेवायचं, ही विठ्ठलभाईंची रीत होती.

नियमावर बोट ठेवण्याची त्यांची सवय पुढे दिल्लीतही दिसली. ऑगस्ट १९२५ मध्ये ते केंद्रीय विधानसभेचे पहिले निवडून आलेले अध्यक्ष झाले. मतं पडली ५८ विरुद्ध ५६. अध्यक्ष झाल्यावर आपण आता कोणत्याही पक्षाचे नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सभागृहाचं कामकाज सरकारच्या हाताखाली नको म्हणून त्यांच्याच आग्रहातून जानेवारी १९२९ मध्ये विधानसभेचं स्वतंत्र कार्यालय सुरू झालं. आजच्या लोकसभा सचिवालयाचं मूळ तिथे आहे. त्याच वर्षी सरकारने सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणलं. मेरठचा खटला न्यायालयात चालू असताना त्याच गोष्टींवर सभागृहात चर्चा कशी करणार, असा मुद्दा काढून विठ्ठलभाईंनी ते पुढे जाऊ दिलं नाही. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले, तेव्हा सभागृह या विधेयकावरच्या त्यांच्या निर्णयाचीच वाट पाहत होतं. तो निर्णय त्यांनी ११ एप्रिलला दिला. सरकारला शेवटी वटहुकूम काढावा लागला. १९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि चळवळीत उतरले. १९३३ मध्ये जिनिव्हाजवळ त्यांचं निधन झालं. गिरगावातला व्ही. पी. रोड म्हणजे विठ्ठलभाई पटेल रोड, हे मुंबईच्या मुलांना जरूर सांगा.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात 'सक्तीचं' या शब्दाचा अर्थच लिहून दिला आहे : मुलाला दाखल करून घेणं, त्याची हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं, ही शासनाची जबाबदारी. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य सांगितलं आहे, पण त्याला दंड नाही. १९१८ च्या कायद्याचं माप इथे बरोबर उलटं झालं. आज बंधन आहे ते आपल्या बाजूला.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा भट्टीवर गेले आणि त्या आईला सांगितलं, "ताई, तुम्हाला कुणी काही करणार नाही. कायद्याने बांधलंय ते आम्हाला. म्हणून तर मी परत आले." ती हसली. लहान भावाला सांभाळायचा प्रश्न होताच. मग ती मुलगी त्याला घेऊनच वर्गात बसू लागली. रोज येते असं नाही. भट्टीचा हंगाम संपला की कुटुंब गावी जाईल, तेव्हा तिथल्या शाळेला कळवायचं काम माझं.

वर्गात करून पाहा : पाचवी ते आठवीच्या मुलांना 'बालसभा' भरवायला सांगा. एक ठराव द्या, "शाळेत ग्रंथालय सुरू करता येईल." दुसरा द्या, "शाळेत ग्रंथालय सुरू केलेच पाहिजे." दोन्हींवर चर्चा आणि मतदान घ्या. मग एकच प्रश्न विचारा : दोन्ही ठराव मंजूर झाले, तर उद्या सकाळी काम कुणाला लागेल? एका क्रियापदाने कायदा कसा बदलतो, हे मुलं आपणहून सांगतील.

पालकांनीही घरी हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तरं कमेंटमध्ये जरूर कळवा.